पाटी उचलणार न्हाय

शेळगावच्या खालच्या आळीत हिंदुराव मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं नाही अशी बाई शोधून सापडली नसती. भिंती घालणारे गवंडी पुरुष, आणि त्यांना विटा, वाळू, कालवलेला माल डोक्यावरून नेऊन देणाऱ्या बाया, अशी त्याची टोळी. रंगुबाई त्या टोळीत सगळ्यात जुनी. शाळेची नवी खोली, सोसायटीचं ऑफिस, बुद्धविहाराची कमान, स्टँडजवळची दुकानं, सगळ्यांच्या विटा तिच्या डोक्यावरच्या पाटीतून गेल्या होत्या. अख्खं गाव तिनं डोक्यावरून वाहिलं, पण त्यातली एक वीटही स्वतःच्या हातानं बसवली नव्हती. बाईनं पाटी उचलायची आणि पुरुषानं थापी धरायची, हे कुणी कधी ठरवलं होतं असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

विचारलं ते तिच्या पोरीनं, पायलनं.

बारावी झाल्यावर पायल बारामतीला एका संस्थेत गवंडीकाम शिकायला गेली. गरिबांना घरकुलं मंजूर होतात, पण ती नीट बांधणारे हात मिळत नाहीत. म्हणून तरुण पोरापोरींना बांधकाम शिकवायचं, असा तो वर्ग होता. रंगुबाईनं आळीत सांगताना मात्र ‘पोरगी नर्सिंगला हाय’ असंच सांगितलं. गवंडीकाम शिकायला पोरगी पाठवली म्हटलं असतं तर बाया पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

तिथं पायलची गट्टी जमली संस्कृतीशी. ती माळेगाव बुद्रुकची, तिचे वडील कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवायचे. संस्कृती उंच, बडबडी आणि जरा काही झालं की रडणारी. पण रडताना तिचं काम थांबायचं नाही. डोळे पुसायला थापी खाली ठेवावी लागते, म्हणून ती डोळे पुसायचीच नाही.

वर्ग संपत आला तसा शिकवणाऱ्या दीपक सरांनी पोरांना खऱ्या घरांवर पाठवायचं ठरवलं. शेळगावात शकुबाईच्या घरकुलाचं काम हिंदुरावकडे होतं. जोत्यापर्यंत बांधकाम आलं होतं. सरांनी त्याला फोन केला, त्यानं ‘द्या पाठवून’ म्हटलं, आणि पायल, संस्कृती अन् वर्गातली दोन पोरं सकाळी तिथं जाऊन उभी राहिली.

हिंदुरावनं चौघांकडे बघितलं. पोरांच्या हातात थाप्या दिल्या आणि पोरींकडे न बघताच म्हणाला, “तुमी दोगी पाट्या घ्या.”

“आमी बी थापीच शिकलोय, तात्या,” पायल म्हणाली.

“शिकली असशील. हितं काम करायचंय, शिकायचं न्हाय.”

“मी पाटी उचलणार न्हाय.”

काम थांबलं. वाळूच्या ढिगाकडून रंगुबाई भरली पाटी घेऊन येत होती, ती तशीच मधे उभी राहिली. “उचल गं बाय,” ती हळूच म्हणाली. “एका दिसानं तुजं हात झिजत न्हाईत.”

“तुजं झिजलं की, आई.”

रंगुबाईनं डोक्यावरची पाटी सावरली. हिंदुराव मात्र मोठ्यानं हसला. “थापायचीच एवढी हौस असंल तर घरी जाऊन भाकरी थाप. जा.”

सगळी टोळी हसली. पायल घरी गेली नाही. ती विटांच्या थप्पीवर जाऊन बसली, शेजारी संस्कृती. तिथूनच तिनं दीपक सरांना फोन लावला. सर म्हणाले, “थोडं जमवून घे गं. सर्टिफिकेट तर मिळणारच आहे.”

“सर, सर्टिफिकेट भिंतीत घालू का?” असं विचारून तिनं फोन ठेवून दिला.

पलीकडे दोन्ही पोरं थाप्या चालवत होती. त्यातल्या एकाला थर सरळ ठेवणारी सुताची दोरी कुठून कुठं बांधायची तेही आठवत नव्हतं, आणि तो चोरून पायलकडे बघत होता. तिनं मान फिरवली.

शकुबाई डाळिंबाच्या बागेत छाटणीला जायची. नवरा कधीच गेलेला, लेक लग्न होऊन लांब. संध्याकाळी ती कामावरून आली तर तिच्याच विटांवर दोन पोरी बसलेल्या.

“काय गं, रुसलाय व्हय कुणावर?”

पायलनं सगळं सांगितलं. शकुबाईनं ऐकून घेतलं, हातातली कात्री पिशवीत ठेवली आणि विचारलं, “खरंच येतंय का तुमास्नी? खोटं बोलू नगंस. माजं हे येकच घर हाय. दुसरं ह्या जल्मात व्हायचं न्हाय.”

“येतं, मावशी. जितं येणार न्हाय तितं सांगीन.”

शकुबाई जोत्याच्या कडेला बसली. बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “बावड्याला माज्या माह्यारी मातीच्या भिती आमी बायकांनीच घातल्या. माती तुडवली, गोळं रचलं, लिपलं, सारवलं. तवा कुणी म्हणलं न्हाय बाईच्या हातची भित पडंल म्हणून. सिमिट आलं आन् बाईचा हात वाईट झाला व्हय?”

दुसऱ्या दिवशी हिंदुराव टोळी घेऊन आला तेव्हा ती कामाला गेलीच नव्हती. जोत्यावर उभी होती.

“तात्या, तुमी हितवर आणलंत, लई झालं. हितनं फुडं ह्या पोरी बांधतील.”

“येडी झालीस का शकू? भित पडली तर मला हाक मारू नगंस.”

“भितीखाली घावल्यावर हाक कशी मारीन?” शकुबाई म्हणाली. “घर माज्या नावावर मंजूर झालंय. म्हणून आत्ताच सांगतीया.”

हिंदुराव टोळी आणि वर्गातली ती दोन पोरं घेऊन निघून गेला. रंगुबाईही त्याच्या मागं गेली. जाताना तिनं पोरीकडे वळून बघितलं नाही. घरी आल्यावर नुसतं ताट वाढून पुढं सरकवलं.

काम सुरू झालं. शकुबाई स्वतः माल कालवायची, संस्कृती विटा भिजवायची, पायल आधी भिंतींचे कोपरे बांधून घ्यायची. मग दोघी मिळून कोपऱ्यांत ताणलेल्या दोरीवर विटांचे थर भरायच्या. सुरुवातीलाच दाराची चौकट उभी करायची वेळ आली. शकुबाईनं चौकटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बघायला आलेल्यांत कुणीतरी कुजबुजलं, ‘चौकट हिच्या हातनं?’ त्या ‘हिच्या’त काय काय होतं ते सगळ्यांनाच कळलं. पोरगी बाईमाणूस होती आणि शिवाय बुद्धविहाराजवळच्या घरातली.

“व्हय, हिच्याच हातनं,” शकुबाई म्हणाली. “ज्याला चालत न्हाय त्यानं माज्या दारातनं आत येऊ नये. दार तेवढ्यासाठीच असतंय.”

चौकट बसली की मिस्त्रीला टोपी-टॉवेल द्यायची रीत. शकुबाईनं पांढरी टोपी आणलीच होती. पण हातात घेतल्यावर ती जरा घोटाळली. बाईला टोपी कशी द्यायची?

“मावशी, पूजा तुमची. पण टोपी कामाची हाय, ती माजी,” असं म्हणून पायलनं टोपी घेतली आणि ओढणीवरूनच डोक्यावर चढवली. पोरं फिदीफिदी हसली. ती दिवसभर टोपी घालून विटा लावत राहिली. दुपारनंतर हसायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

भिंती खिडकीच्या वर गेल्या तेव्हा हिंदुराव आला. एकटा नाही, स्टँडवरची आठ-दहा माणसं बरोबर घेऊन आला. त्याच्या हातात ओळंबा होता. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन वरून सोडलं की भिंत सरळ की वाकडी ते लगेच कळतं. उगवतीच्या भिंतीवर त्यानं ओळंबा सोडला. दोरी वर विटेला चिकटली होती. खाली मात्र भिंत आणि वजन यांच्यामधे त्याचा अंगठा आरामात गेला.

“बगा!” तो माणसांकडे वळला. “भित भाईर निघालीय. शकू, झोप आता हिच्याखाली.”

माणसं हसली. संस्कृतीचा चेहरा उतरला. ती भिंत तिनं भरली होती. पायलनं स्वतःचा ओळंबा आणला, एकदा सोडला, जागा बदलून पुन्हा सोडला. हिंदुराव खरं बोलत होता.

पायलनं हातोडा घेतला, बांबूच्या परांचीवर चढली आणि भिंतीच्या वरच्या थरावर घाव घातला.

“आगं ये! माज्या घराची भित पाडतीस व्हय?” शकुबाई ओरडली.

“वाकडी ठिवू का, मावशी?”

शकुबाई बाजूला सरली. माल अजून पुरता धरला नव्हता, विटा अख्ख्या निघत होत्या. पायल त्या काढून खाली देत होती आणि संस्कृती रडत रडत त्यांना चिकटलेला माल खरवडून थप्पी लावत होती. तमाशा बघायला आलेल्या माणसांना आता हसावं का काय ते कळेना. आपण घातलेली भिंत आपणच पाडणारा गवंडी त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

भिंत जिथपर्यंत सरळ होती तिथपर्यंत उतरवून पायल खाली आली. घामानं निथळत होती. हिंदुरावसमोर उभी राहून म्हणाली, “तात्या, तुमी सांगितलंत ते बरं केलंत. चूक आमची हुती, आमी पाडली. आता तुमच्या भितींना ओळंबा लावू. चला.”

“माज्या भितीला कुणी हात लावायचं काम न्हाय.”

“का?”

“का म्हंजी? तुजा बाप शेंबडा हुता तवापास्नं मी भिती घालतोय.”

“मग भ्यायचं कारण काय?”

हिंदुरावचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात मागून आवाज आला, “माज्या घराला लाव.” ठमाबाई होती, चार दारं सोडून राहणारी. तिचं घरकुल हिंदुरावनंच दोन पावसाळ्यांपूर्वी बांधलेलं. “मागच्या भितीला पाट टेकून बसायचं भ्या वाटतंय मला. लाव बाय.”

सगळी माणसं ठमाबाईच्या घरामागं गेली. पायलनं ओळंबा सोडला. भिंत मधेच पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. दोरी पोटाला टेकून खाली लोंबत राहिली. ठमाबाईनं पुढं होऊन दोन विटांच्या सांध्यात नख घातलं आणि नुसती वाळू भुरुभुरु खाली पडली. आता कुणीच हसलं नाही. आळीतल्या बाया आपापल्या घराकडे बघायला लागल्या, आणि एकीनं विचारलं, “आमच्याकडं कवा येतीस गं?”

हिंदुराव तिथून केव्हा निघून गेला ते कळलंच नाही.

त्याचा घाव दुसऱ्या बाजूनं आला. शकुबाईच्या भिंती पुऱ्या होऊन स्लॅब टाकायची वेळ आली, तर स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू कुणी देईना. गावात ते सामान एकट्या हिंदुरावकडे. इंदापुरातून आणायला गेलं तर तिथला माणूसही त्याच्या ओळखीचा. ‘सामान गुतलंय’ एवढंच म्हणाला. आणि त्याच संध्याकाळी हिंदुरावनं रंगुबाईला सांगितलं, “उद्यापास्नं येऊ नगंस. पोरीकडं जा पाट्या टाकायला.”

रंगुबाई घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. पायल तिच्याजवळ गेली. इतके दिवस मायलेकींत धड बोलणं नव्हतं.

“माज्यामुळं झालं,” पायल म्हणाली. “त्येंच्याकडं जाऊन मी बोलू का?”

“काय बोलणार?”

“की तुजा काय संबंध न्हाय म्हणून.”

रंगुबाईनं मान वर केली. “माजा संबंध न्हाय? ठमाबाईच्या घराचा माल मीच वाहिला. सिमिट कमी पडतंय ते मला दिसत हुतं. पाटीत माल घेतल्यावर वजनावर कळतंय. मी बोलली न्हाय. बिगारी बाईनं बोलायचं नसतंय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तू बोललीस आन् मीच तुला म्हणली, उचल पाटी.” मग ती उठली, चप्पल पायात घातली आणि पोरीला काही न सांगता आळीत निघून गेली. या घरातून त्या घरात जात राहिली.

दोन दिवसांनी स्टँडजवळच्या किराणा दुकानदाराच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. हिंदुरावनं मिक्सर आणलेला, खडी-वाळूचे ढीग लागलेले, सिमेंटची पोती फोडून ठेवलेली. स्लॅब एकदा सुरू केला की मधे थांबवता येत नाही, म्हणून सकाळी लवकरच सुरुवात करायची. मिक्सर फिरायला लागला, गवंडी वर चढून बसले. खाली टोळीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या, पण त्यांनी पाट्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या. रंगुबाई त्यांच्यात होती.

“काय लावलंय हे?” हिंदुराव ओरडला.

“बसलोय,” रंगुबाई म्हणाली.

“तुला काढलंय म्हणून सांगितलं न्हवं?”

“मला काढलंत. ह्यास्नी कुठं काढलंय? ह्या तुमच्याच हायत. आन् ह्या बी बसल्यात.”

“उठा गं! माल सुकतोय!”

एकही बाई उठली नाही. दुकानदार वरून खाली आणि खालून वर करायला लागला. हिंदुरावनं गवंड्यांना पाट्या उचलायला सांगितल्या. ते एकमेकांकडे बघत राहिले. एक जण खाली उतरला, भरली पाटी डोक्यावर घेतली, शिडीच्या निम्म्यावर गेला आणि मान धरून परत आला. बायांत हसू फुटलं. रंगुबाई हसली नाही.

“काय पायजे तुमास्नी?” हिंदुरावनं शेवटी विचारलं.

“शकुबाईच्या स्लॅबाला प्लेटा आन् टेकू. आज, आत्ता. गाडीत भरलं की आमी उठतो.”

“आन् तुला परत कामावर, त्ये बी?”

“ते नगं,” रंगुबाई म्हणाली. “मी परत येणार न्हाय.”

हे बाकीच्या बायांनाही ठाऊक नव्हतं. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. हिंदुरावही बघत राहिला; एवढ्या वर्षांत त्यानं तिला बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं. मग त्यानं दुकानदाराच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. प्लेटा शकुबाईच्या दारात पोचल्याचा निरोप आला तेव्हाच पाट्या सुलट झाल्या. त्या दिवशी दुकानदाराचा स्लॅब व्यवस्थित पडला. बाया कामाला कधीच चुकल्या नव्हत्या.

शकुबाईच्या स्लॅबाला बारामतीहून दीपक सर सगळा वर्ग घेऊन आले. पायलपाशी येऊन म्हणाले, “त्या दिवशी मी चुकीचं बोललो.” ती म्हणाली, “सर, ते नंतर. आधी त्या कोपऱ्यातला टेकू बघा, मला जरा ढिला वाटतोय.” सर बघायला गेले. थापी मिळालेली ती दोन पोरं आज खाली वाळू चाळत होती, आणि कुणी त्यांना तसं सांगितलेलंही नव्हतं. आळीतल्या ज्या घरांना ओळंबा लावायचा राहिला होता, त्या घरांतल्या बायाही पाट्या घेऊन आल्या. ज्यांनी हिंदुरावसाठी पाट्या टाकायला नकार दिला होता त्याच बाया इथं धावत शिडी चढत होत्या. पायलनंही दोन-चार पाट्या उचलल्या. संस्कृतीनं विचारलं, “उचलणार न्हवतीस ना तू?” तर म्हणाली, “कुणी सांगितलं म्हणून उचलणार न्हवते.”

शकुबाई नव्या घरात राहायला गेली. पहिल्या दिवशी ती प्रत्येक भिंतीला हात लावत फिरली आणि उगवतीच्या भिंतीशी जरा जास्त वेळ थांबली. जवळच उभ्या असलेल्या संस्कृतीला म्हणाली, “हीच का ती?” संस्कृतीनं मान डोलावली आणि रडायला लागली.

हिंदुरावचं काम काही बंद पडलं नाही. मोठ्या घरांची कामं त्याच्याकडेच राहिली, आणि स्टँडवर तो ‘बायकांचा कंत्राटदार’ म्हणून पायलची टिंगल करत राहिला. पण खालच्या आळीत त्याला कुणी बोलावेना. पायलनं आणि संस्कृतीनं पहिलं काम घेतलं ते ठमाबाईचं. पोट सुटलेली मागची भिंत पाडून नव्यानं घालायची होती. रंगुबाई सोबत होती. घरी अंगणात विटांचे चार थर रचून, पाडून, परत रचून तिनं थापी धरायला शिकून घेतलं होतं. मधेच चुकायची. पोरगी ओरडायची, “आई, सांदा मोड, सांदा! सांद्यावर सांदा न्हाय यायचा.” आणि रंगुबाई म्हणायची, “वरडू नगंस. मला कळतंय.”

त्या भिंतीचं काम चाललं असताना हिंदुराव मोटारसायकलवरून चालला होता. परांचीवर रंगुबाईला बघून त्यानं गाडी थांबवली. एक पाय खाली टेकून बघत राहिला.

“रंगू, तू बी?”

“व्हय तात्या.” तिनं खाली बघितलं. विटांची थप्पी हिंदुरावच्या पायाशीच होती. “आलायसा तर दोन विटा द्या वर. भिजलेल्या बघून द्या.”

हिंदुरावनं गाडीला किक मारली आणि निघून गेला. रंगुबाईनं क्षणभर वाट बघितली. मग स्वतःच खाली उतरली, विटा घेतल्या, वर चढली आणि दोरीकडे डोळा लावून पुढचा थर भरायला लागली.